बाबांच्या दुकानातला काळा डायलचा फोन पुन्हा वाजता करायचाय, नागपुरात कोणी मार्ग दाखवेल का?

इतवारीची_लेक

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा विचारतेय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही.

इतवारीत आमचं पातळांचं दुकान होतं. आजोबांनी सुरू केलं, बाबांनी चाळीस वर्षं चालवलं, आता बंद होऊनही बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात महालातल्या घराचा माळा झाडायला काढला, तर जुन्या गल्ल्याच्या मागे धोतराच्या फडक्यात बांधलेला दुकानाचा फोन निघाला. काळा, जड, डायलचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर अडीच किलोच्या वर भरला. बुडाला इंग्रजीत आयटीआय (फोन बनवणारी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज) आणि १९६४ असं उमटलेलं आहे.

आमच्या ओळीत तेव्हा फोन एकट्या आमच्याकडे. आजूबाजूच्या आठ-दहा घरांनी आमचाच नंबर पी.पी. म्हणून, म्हणजे शेजाऱ्यांचा बोलावून देणारा नंबर म्हणून, दिलेला होता, लग्नपत्रिकांवर सुद्धा. मी सात-आठ वर्षांची होते, माझं काम ठरलेलं. फोन आला की बाबा रिसीव्हर गादीवर आडवा ठेवायचे, मला नाव सांगायचे आणि मी पळत जाऊन त्या घरच्यांना बोलावून आणायची. कोणाला नोकरी लागली, कोणाच्या घरी बाळ झालं, कोण गेलं, हे त्या घरच्यांच्या आधी आमच्या दुकानाला कळायचं.

डिसेंबरात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशी हा फोन घरात खराखुरा वाजावा एवढीच माझी इच्छा. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.

आता फोनची हालत. डायलच्या १ च्या भोकात ते छोटं गोल कुलूप अजून लावलेलं आहे आणि किल्ली कधीच हरवली. कुलपामुळे डायल पूर्ण फिरत नाही, जेवढा फिरतो तेवढाही परत येताना रखडतो. रिसीव्हरची कापडी दोरी दोन जागी उसवून आतल्या तारा दिसतात. मागच्या बाजूला केसासारखी एक भेग आहे, साधारण बोटभर. आत काहीतरी खुळखुळतं.

एका दुकानात दाखवला. त्यांनी हातात घेऊन लगेच सांगितलं की आतलं सगळं काढून मोबाइलचा बोर्ड बसवू, वरून सोनेरी रंग मारू, "एकदम राजवाड्यासारखा दिसेल." मी फोन परत पिशवीत घातला आणि घरी आले. रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं.

आतलं न काढता हा चालू होऊ शकतो का? आमची लँडलाइन आता फायबरवर आहे, तांब्याची तार केव्हाच गेली. त्या डब्याला हा जोडता येतो का?

बर्डीचा_सोल्डरवाला

ताई, बोर्ड बसवायला दिला नाही हे फार चांगलं केलंत. हे मी अनुभवाने सांगतोय. कॉलेजात असताना मी आजोबांच्या फोनमध्ये ब्लूटूथ बसवलं होतं. जागा होत नव्हती म्हणून घंटा, कॉइल, कंडेन्सर सगळं काढून भंगारात दिलं. तो बोर्ड दोन वर्षांत मेला. आता फोन कपाटावर आहे, आतून पोकळ, आणि तसली घंटा मला अजून मिळालेली नाही.

तुमच्या फायबरच्या प्रश्नाचं उत्तर: जोडता येतो. फायबरच्या डब्याला मागे फोनचं एक सॉकेट असतं, त्यात डब्यातूनच जुन्या पद्धतीची लाइन बाहेर येते. रिसीव्हर उचलला की डायल टोन मिळेल, बोलणं होईल, फोन आला की घंटेला करंटही जाईल. दोन अडचणी येऊ शकतात. एक म्हणजे बऱ्याच डब्यांना डायलची भाषाच कळत नाही, त्यांना बटणांचे सूर लागतात. मग आलेला फोन घेता येतो, पण लावता येत नाही. त्यासाठी डायलच्या ठोक्यांचे (पल्सचे) बटणांसारखे सूर (टोन) करणारं छोटं यंत्र मिळतं, ते मध्ये जोडायचं. दुसरी अडचण घंटेची. एक्स्चेंजातून घंटेसाठी ७५ व्होल्टच्या आसपास एसी यायचा, हे डबे त्याहून कमी देतात. हलका इलेक्ट्रॉनिक फोन त्यावर मजेत वाजतो, दोन वाट्यांची लोखंडी घंटा कधी कधी नुसती कुरकुरते.

आणि लाइट गेला की डबा बंद, फोनही बंद. कार्यक्रमाच्या दिवशी डब्याला छोटा यूपीएस लावून ठेवा.

सुट्या वस्तू बर्डीतल्या मोदी नंबर दोन-तीनच्या बाजारात मिळतील: मल्टीमीटर, आयपीए (सफाईचं आयसोप्रोपिल अल्कोहोल), टर्मिनल, कंडेन्सर. डायलच्या आतलं मात्र मला फारसं कळत नाही. ते इथले "एकशेअठ्ठ्याण्णव" काका सांगतील, त्यांनी पाहिलं म्हणजे झालं.

निवृत्त_१९८

पाहिलं बाप्पा.

ताई, मी टेलिफोनमध्ये छत्तीस वर्षं काढली. १९७४ ला लागलो तेव्हा डाक-तार एकच खातं होतं. १९८५ ला दोन्ही वेगळे झाले, २००० ला बीएसएनएल आलं, आणि मी आपला तीच पिशवी घेऊन फिरत राहिलो. इथलं माझं नाव तक्रारीच्या नंबरवरून आहे. फोन बंद पडला की लोक शेजाऱ्याकडून १९८ लावत, आणि मग मी सायकलवर.

तुमच्यासारखे काळे फोन मी किती उघडले त्याचा हिशोब नाही. बंगलोरला आयटीआय १९४८ मध्ये सुरू झाली, ते फोन घरोघर गेले, आणि त्यात मोडण्यासारखं फार थोडं ठेवलेलं होतं. तुमचा फोन बिघडला नसेल, सुकला आणि मळला असेल. म्हणून पहिली विनंती ही की घाई करून काही बदलू नका. आधी साफ करा, मग पाहा काय उरतं.

कुलपाचं आधी सांगतो. ते तोडू नका, पकडीने पिळू तर अजिबात नका. पिळलं की चकतीचं भोक वाकतं, आणि वाकलेली चकती दर फेऱ्याला घासते. डायलच्या मधोमध नंबरची चिठ्ठी असते, तिच्यावर पारदर्शक झाकणी. ती झाकणी आणि तिचं कडं हळूच सोडवा. खाली चकती धरणारा स्क्रू दिसेल. चकती एका हाताने धरून ठेवायची, स्प्रिंग सुटू द्यायची नाही. चकती कुलपासकट बाहेर येते. मग ती हातात घेऊन चावीवाल्याकडे जा. गांधीबागेत बसणाऱ्या एखाद्या जुन्या चावीवाल्याला असं कुलूप काही मोठी गोष्ट नाही. चिठ्ठी फेकू नका.

हे कुलूप लावून लोक बिनघोर गावाला जात, पण घरातल्या पोट्ट्यांना त्याची तोड माहीत होती. रिसीव्हर उचलायचा आणि क्रेडलच्या, म्हणजे रिसीव्हर ठेवायच्या जागेच्या, दांड्या टपटप दाबायच्या. तीनदा दाबलं की ३ लागला. शून्यासाठी दहा वेळा. कारण डायल तरी दुसरं काय करतो? लाइन तोडतो आणि जोडतो. ५ फिरवला की लाइन पाचदा तुटते. आणि ओढताना नाही, सोडल्यावर परतताना तुटते, सेकंदाला दहा या चालीने. तिकडे एक्स्चेंजात स्ट्रोजरचा सिलेक्टर, म्हणजे आकड्यांप्रमाणे लाइन जोडणारं यंत्र, त्या प्रत्येक तुटीला एक पायरी वर चढायचा, मग गर्रकन आडवा फिरायचा. मोसमात लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला त्या हॉलमध्ये उभं राहिलं की शंभर शिवणयंत्रं एकदम चालून राहिली असा आवाज. १८९१ चं पेटंट आहे ते, अमेरिकेतल्या अलमॉन स्ट्रोजरचं. त्यांचा मूळ धंदा अंत्यविधीचा होता. त्यांचं यंत्र मी १९९० नंतरही हाताळलं.

आता तुमचा रखडणारा डायल. हे नीट वाचा, सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

डायल काढून उलटा केला की मागे पितळेची एक छोटी वाटी दिसेल, बोटाच्या पेरात मावेल एवढी. तिच्यात एक बारीक दांडी असते आणि दांडीला दोन पातळ पंख, टोकाला इवलीशी वजनं. डायल परतायला लागला की दांडी गरगर फिरते, पंख बाहेर फाकतात आणि वाटीच्या आतल्या भिंतीला घासतात. घासले की वेग आवरला. तुम्ही रागाने ओढा नाहीतर हळू ओढा, परतायची चाल एकच. एवढ्याशा वाटीवर सगळा हिशोब. चाल चुकली की एक्स्चेंज आकडे चुकीचे मोजणार आणि तुमचा फोन भलत्याच घरी.

साठ वर्षांत त्या दांडीच्या टोकांवरचं तेल वाळून लाखेसारखं होतं. म्हणून डायल रखडतो. लोक काय करतात, शिलाई मशीनचं तेल सोडतात. ते तेल वाटीत उतरतं, पंख घसरायला लागतात, आणि डायल जो सुसाट सुटतो तो पुन्हा आवरत नाही. तसं करू नका. बारीक ब्रश आयपीएमध्ये बुडवून जुनं तेल धुऊन काढा, दोन-तीनदा, प्रत्येक वेळी वाळू द्या. मग घड्याळजीकडून घड्याळाचं तेल आणा, सुईच्या टोकावर येईल तेवढंच घ्या आणि दांडीची दोन टोकं आणि तिला फिरवणारा आटा एवढ्याच ठिकाणी लावा. वाटी कोरडी. संपर्काच्या पट्ट्या कोरड्या.

त्या पट्ट्यांना पॉलिशपेपर लावायचा नाही. त्यांच्या टोकांवर चांगल्या धातूचे ठिपके असतात, पॉलिशपेपरने ते जातात. लग्नपत्रिकेचा जाड कागद पट्टीसारखा कापा, आयपीएचा थेंब द्या, दोन पट्ट्यांच्या मध्ये घाला आणि ओढा. कागद काळा निघेल. पांढरा निघेपर्यंत ओढा. पट्ट्यांच्या दोन जोड्या सापडतील. एक आकडे तोडणारी. दुसरी डायल जागेवरून हलला की रिसीव्हर गप्प करणारी, नाहीतर प्रत्येक तुट कानात ठाण् ठाण् वाजली असती. दुसरी जोडी विसरू नका.

झालं की शून्य ओढून सोडा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घ्या. सेकंदाहून किंचित जास्त लागला पाहिजे. दोन सेकंद लागले तर अजून मळ आहे. आम्ही हे कानाने ओळखत होतो. बरोबर डायलचा परतताना एकसारखा घर्रर्र येतो, शेवटी दमत नाही.

दोरी. तुमचं पातळांचं दुकान, म्हणजे जरीची जर काय ते तुम्हाला सांगायला नको. रिसीव्हरच्या दोरीतली तार अगदी जरीसारखी असते: मध्ये सुती दोरा, त्यावर तांब्याची चपटी पट्टी गुंडाळलेली. भरीव तार दिवसातून पन्नासदा वाकली तर महिन्यात तुटेल, ही वर्षानुवर्षं वाकते. पण हिला सोल्डर धरत नाही, दोरा जळून जातो. टोकाला पितळी टॅग दाबूनच बसवायचा. नुसती वरची वीण उसवली असेल आणि आतली तार सलग असेल तर काळ्या सुती दोऱ्याने वीण आवळून घ्या, दोरी राहू द्या. मीटरने प्रत्येक तार तपासा, आणि तपासताना दोरी हलवत राहा. आकडा नाचला तर आतली तार तुटलेली आहे, मग बदलावीच लागेल. बदललीत तरी जुनी फेकू नका.

बोलायच्या बाजूची टोपी आटे असलेली असते, पण जाम झालेली असेल. पकड लावू नका, काठ उडतो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून फिरवा. आत चपट्या डबीसारखा माइक आहे, त्यात कोळशाचे बारीक कण. आवाजाने पडदा हलतो, कण दाबले जातात आणि सुटतात, करंट कमी-जास्त होतो, तोच तुमचा आवाज. माळ्यावर पडून कण एकमेकांना चिकटतात आणि समोरच्याला तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. डबी तळहातावर चार-पाचदा हलकी आपटा. आम्ही घरोघर हेच करत होतो, आणि माणसं समजत की काहीतरी मोठी दुरुस्ती झाली.

खुळखुळतं ते काय आहे ते बूड उघडल्यावर कळेल. बहुतेक घंटेच्या वाटीचा स्क्रू. घंटेच्या कॉइलला मीटर लावा, साधारण हजार ओहम दाखवेल. अजिबातच काही दाखवलं नाही तर मला इथे लिहा. कंडेन्सर जुना असतो, तो मात्र खुशाल बदला, दोन मायक्रोफॅरडच्या जवळचा, चांगल्या व्होल्टेजचा. लाइनवर सतत ४८ व्होल्ट डीसी असतो, त्याला कंडेन्सर अडवतो आणि घंटेचा एसी तेवढा जाऊ देतो. तो गळका झाला तर एक्स्चेंजला वाटतं रिसीव्हर उचललेलाच आहे. जुना कंडेन्सर जागेवर राहू द्या, फक्त त्याच्या तारा सोडवा, नवा बाजूला लपवा. पुढे कोणी उघडलं तर त्याला मूळ रचना दिसली पाहिजे.

आणि हे सगळं भिंतीवरून सोडवून. घंटेचा करंट चालू असताना उघड्या तारांना हात लागला तर चांगलाच झटका बसतो.

धरमपेठ_जुनं_सामान

काकांनी आतलं सगळं सांगितलं, मी फक्त बाहेरच्या अंगाबद्दल लिहिते. माझ्याकडे अकरा फोन आहेत, त्यातले सात वाजते.

सोनेरी रंग नको. तुमच्या फोनचं अंग बेकेलाइटचं आहे. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेलं, जगातलं पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक. अंगठ्याने जोरात घासून गरम करा आणि वास घ्या, दवाखान्यासारखा उग्र वास आला तर नक्की तेच. ते एकदा साच्यात घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणून भेग गरम करून सांधता येत नाही. आत लाकडाचा भुसा मिसळलेला असतो आणि वर राळेची पातळ, चकचकीत साय. ती साय म्हणजेच त्याची चमक. पॉलिशपेपर मारला की साय जाते, भुसा उघडा पडतो आणि मग तो ओल धरतो. रंग मारायच्या आधी दुकानवाले नेमकं तेच करतात, घासून घेतात. रंग नंतर काढता येईल, साय परत आणता येणार नाही.

भेग बोटभर आहे आणि पुढे सरकत नसेल तर मी तिला हात लावणार नाही. सरकत असेल तर अ‍ॅराल्डाइटमध्ये काजळी कालवून आतल्या बाजूने भरा.

धुण्यासाठी कोमट पाणी, साध्या साबणाचा फेस, मऊ फडकं, आणि लगेच कोरडं. पाण्यात बुडवून ठेवायचं नाही. नंतर पॉलिश काय करायचं यावर दोन मतं आहेत. बरेच जण ब्रासो लावतात आणि खरंच आरसा होतो. मी लावत नाही. ब्रासोही थोडं घासूनच चमकवतं. तुमच्या फोनच्या रिसीव्हरला मधोमध, जिथे बाबांची बोटं पडायची तिथे चकाकी वेगळी असेल बघा, बाकी अंग मंद. ब्रासोने सगळं एकसारखं होतं. मी नुसतं मेण लावून मऊ कापडाने पुसते.

एक जाताजाता, बाकीच्या वाचकांसाठी. पितळ आणि लाकडाचे, वर नक्षी आणि मुकुटासारखं क्रेडल असलेले "अँटिक" फोन ऑनलाइन ढिगाने मिळतात. ते नवीन बनवलेले असतात. आत हलका बोर्ड आणि डायलच्या जागी बटणं लपवलेली. दिवाणखान्यात ठेवायला घ्यायचे तर जरूर घ्या, पण जुना म्हणून पैसे मोजू नका. खऱ्या जुन्याचं वजन हातात कळतं, बुडाला बहुतेक वेळा कारखान्याचं नाव आणि साल उमटलेलं असतं. हा फरक मुलांना दाखवायचा असेल तर कामठी रोडवरच्या मोतीबागला नॅरोगेज संग्रहालयात घेऊन जा. जुन्या रेल्वेच्या वस्तू जवळून पाहिल्या की अस्सल लोखंड-पितळ कसं दिसतं ते डोळ्यात बसतं.

निवृत्त_१९८

ब्रासोबद्दल माझं मत वेगळं आहे. आमच्याकडे एक्स्चेंजात साहेबांचे फोन दर शनिवारी पॉलिश व्हायचे आणि ते शेवटपर्यंत लखलखीत होते. जे वापरात आहे ते चमकलं पाहिजे. पण बाबांच्या बोटांचं जे तुम्ही लिहिलं, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. रिसीव्हर सोडा, बाकी अंगाला थोडं लावा, असं मी म्हणेन. ताईंनी ठरवावं.

एक राहिलं होतं. फोन कूलरच्या झोतात ठेवू नका. आपल्याकडे एप्रिल ते जून घरात खसाची ओली हवा खेळत असते, आणि फोन नेमका खिडकीजवळच्या स्टुलावर. उन्हाळ्यात मला येणाऱ्या खरखरीच्या तक्रारींत कूलरसमोरचे फोन हमखास असायचे. माइकमध्ये ओल, डायलच्या पट्ट्यांवर हिरवा गंज. आतल्या खोलीत ठेवा.

इतवारीची_लेक

पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांनी विचारलंत, म्हणून सविस्तर.

बूड उघडलं. खुळखुळणारी वस्तू म्हणजे घंटेच्या उजव्या वाटीचा स्क्रू, काका म्हणाले तसंच. शिवाय झुरळांची वाळलेली अंडी, पातळाच्या काठाचा एक हिरवा रेशमी धागा, आणि एक दहा पैशांचं नाणं. नाणं आत कसं गेलं ते कोणालाच सांगता येत नाही.

नंबरच्या चिठ्ठीवर आमचा सहा आकडी नंबर टाइप केलेला होता. ती उचलली तर खाली दुसरी चिठ्ठी, पिवळी पडलेली, तिच्यावर शाईने पाच आकडी नंबर. अक्षर आजोबांचं. आजोबा मी चार वर्षांची असताना गेले, त्यांचं अक्षर मी फक्त एका वहीत पाहिलं होतं. दोन्ही चिठ्ठ्या तशाच परत ठेवल्या, आजोबांची वर.

चावीवाल्याने कुलूप दहा मिनिटांत उघडलं, किल्लीही करून दिली. पैसे घ्यायला तयार नव्हता, म्हणाला अशी कुलपं त्याचे वडील करायचे. बळेच वीस रुपये दिले.

डायलला तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी ब्रश करड्या रंगाचा निघाला, दुसऱ्या दिवशी तपकिरी, तिसऱ्या दिवशी स्वच्छ. शून्याला आधी जवळपास अडीच सेकंद लागत होते, आता एक पूर्णांक एक-दोन. तो घर्रर्र आवाज पहिल्यांदा सलग आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी शून्य वीसदा तरी फिरवला असेल. दोरीतली जर शाबूत होती, वीण मी स्वतः आवळली, दुकानातल्याच काळ्या दोऱ्याच्या रिळाने. कंडेन्सर बदलला, जुना जागेवर आहे. भेगेला हात लावला नाही. ब्रासो लावलं नाही. काका, माफ करा, रिसीव्हर पाहिल्यावर धीर झाला नाही.

फायबरच्या डब्याला जोडला. डायल टोन आला, पण डायल फिरवून नंबर लागत नाही. ते यंत्र अजून मागवलेलं नाही, येणारा फोन घेता येतो एवढं मला पुरेसं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी फोन बाबांच्या खोलीत, पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला, वर त्याच धोतराचं फडकं. ओवाळणी झाली, जेवणं झाली, बाबा आडवे झाले. मुलाने अंगणातून मोबाइलवरून फोन लावला.

बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, दारावरची बेल तर येतच नाही. ही आली. ते उठून बसले, फडकं बाजूला केलं आणि रिसीव्हर उचलला. आश्चर्य वगैरे काहीच नाही. "हॅलो, बोला," म्हणाले, आपल्या दुकानाचं नाव सांगितलं. मुलगा तिकडून "आबाजी" म्हणाला, ते बहुधा नीट ऐकू आलं नाही. बाबा म्हणाले, "थांबा, बोलावतो." रिसीव्हर गादीवर आडवा ठेवला, आणि माझ्याकडे वळून समोरच्या काकूंचं नाव घेतलं. काकूंना जाऊन बारा वर्षं झाली.

मी उठले. दारापर्यंत गेले, ओसरीवर उभी राहिले. परत आले तोवर त्यांच्या लक्षात आलं होतं. रिसीव्हर पुन्हा कानाला लावून नातवाशी बोलत होते, डायल कोणी साफ केला म्हणून विचारत होते.

काका, एक शंका. घंटा वाजते, पण एकाच वाटीचा आवाज येतो, तोही थोडा दबका. स्क्रू बसवला ती उजवी वाटी मुकी आहे. सोल्डरवाले म्हणाले तसा हा डब्याच्या कमी करंटचा दोष आहे की माझ्या हातून काही राहिलं?

निवृत्त_१९८

ताई, डब्याचा दोष असता तर दोन्ही वाट्या मंद वाजल्या असत्या. एकच मुकी आहे म्हणजे ती टोल्यापासून, वाटीवर आपटणाऱ्या गोळीपासून, लांब बसली. वाटीचं भोक मधोमध नसतं, मुद्दाम थोडं एका बाजूला असतं. स्क्रू ढिला करा, वाटी थोडी थोडी फिरवत जा, तशी ती टोल्याच्या जवळ सरकेल. टोला थांबलेला असताना वाटीला टेकता कामा नये, वहीचं एक पान मध्ये सहज सरकेल एवढी फट ठेवा. मग वाटी हाताने धरून स्क्रू आवळा, नाहीतर आवळताना ती पुन्हा फिरते. हे करताना फोन सॉकेटमधून काढलेला असू द्या.

दोन्ही वाट्यांचा सूर वेगळा असतो, एक थोडी वरची, एक खालची. दोन्ही लागल्या की आवाज तुमच्या ओसरीपर्यंत येईल. करून पाहा आणि मुलाला परत अंगणातून फोन लावायला सांगा.

यंत्र मागवाल तेव्हा तेही इथे लिहा. बाबांना शून्य फिरवू द्या.

इतवारीची_लेक

अर्धा फेराही लागला नाही. दोन्ही वाजल्या.